सेफेरिनाच्या घरची वाट

माझी बायको देओलिंदा आमच्या वस्तीतल्या लहान मुलांना धर्माचे धडे शिकवते, त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. ज्यांना तिने पहिल्यांदा क्रुसाची खूण करायला शिकवली, त्यांची पोरं आता तिच्यासमोर नाक पुसत बसतात. फादर महिन्यातून एकदा शहरातून येतात, मिस्सा म्हणतात, कोंबडीचा रस्सा जेवतात आणि जातात. बाकीचा महिना देवाचा कारभार देओलिंदाच बघते, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मला त्याच घरात राहायचं आहे.

डिसेंबर लागला, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा, शाळा सुटल्या आणि नाताळाआधीच्या तयारीचा आगमनकाळ सुरू झाला की आठवड्यातून तीनदा, उन्हं जरा कलल्यावर, नऊ मुलं आमच्या अंगणातल्या आंब्याखाली जमतात. मी तिथेच बाजूला खुर्च्या विणत बसतो. टेबलावर हिरव्या फांद्यांचं कडं असतं आणि त्यात चार मेणबत्त्या, नाताळापर्यंत दर रविवारी एक लावायची. उन्हाने त्या वाकून एकमेकींच्या गळ्यात पडतात, म्हणून देओलिंदा त्या बादलीभर पाण्यात बुडवून ठेवते आणि वर्गापुरत्या बाहेर काढते.

त्या मंगळवारी तिने दुसरी मेणबत्ती पुसून कड्यात उभी केली.

"ही या रविवारी लावायची. ही कशाची?"

"वाढदिवसाची!" अरामी ओरडली. ती साडेचार वर्षांची. तिच्या लेखी सगळ्याच मेणबत्त्या वाढदिवसाच्या.

"शांतीची," देओलिंदा म्हणाली. "शांती म्हणजे काय?"

"गप्प बसायचं," तोबियास म्हणाला. तो सात वर्षांचा, सगळ्यांत मोठा, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी त्याची समजूत.

"नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे शांती नव्हे. रुसलेला माणूसही गप्पच बसतो. मनात कुणाबद्दल काटा उरला नाही, की ती शांती."

मी मान वर केली. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"आता सांगा, घरी पाहुणा यायचा असेल तर आपण आधी काय करतो?"

"कोंबडी कापतो!"

"त्याच्याही आधी?"

"झाडलोट," इसापी म्हणाली. ही सहा वर्षांची, दोन वेण्यांची, बोलते कमी आणि ऐकते फार. अशी मुलं धोक्याची.

"बरोबर. तर योहान नावाचा एक माणूस रानात राहायचा, उंटाच्या केसांचे कपडे घालायचा आणि टोळ खायचा."

पुढची पाच मिनिटं टोळांतच गेली. कच्चे की भाजून, पाय काढून की पायांसकट, मीठ लावून की तसेच. शेवटी देओलिंदाने टेबलावर हात आपटला.

"तो ओरडून ओरडून लोकांना सांगायचा, अरे, देव येतोय! त्याच्यासाठी वाट नीट करा. खड्डे असतील ते भरा. उंचवटे असतील ते सपाट करा. वाकडंतिकडं असेल ते सरळ करा. कळलं? तर रविवारपर्यंत तुम्हीही एक तयारी करायची. ज्याच्याशी तुमचं भांडण असेल, त्याच्याकडे आपण होऊन जायचं आणि बोलायचं."

मुलं विचारात पडली. इसापीने हात वर केला.

"बाई, तुम्ही कोणाकडे जाणार?"

"मी? माझं कुणाशी भांडण नाही, बाळ."

"सेफेरिनाआजीशी आहे ना."

मी खुर्चीत डोकं घातलं. देओलिंदाने बादलीतली एक मेणबत्ती उगाच काढली आणि पुन्हा आत ठेवली.

"ते भांडण नव्हे."

"मग?"

"आमचं बोलणं होत नाही, इतकंच."

"म्हणजे तुम्ही नुसत्या गप्प बसता," तोबियास म्हणाला. त्याला धडा नीट समजला होता. "पण ती शांती नव्हे."

"आजच्यापुरता वर्ग संपला," देओलिंदा म्हणाली.

सेफेरिना म्हणजे माझ्या बायकोची धाकटी, सख्खी बहीण. तिचं घर आमच्या मागच्या बाजूला, झाडीतून दीडशे पावलांवर. त्यांची आई सेफेरिनाकडे राहायची आणि रोज सकाळी त्या दीडशे पावलांवरून आमच्याकडे यायची. ती वाट तिच्याच पायांनी पडली होती. तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात आई गेली. त्या डिसेंबरात देओलिंदाने नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडला, तो एवढा मोठा की आमचा अख्खा व्हरांडा भरला. हिरव्या फांद्यांची कमान, तिच्यावर माडाचा पिवळा फुलोरा, त्याचा वास पार रस्त्यापर्यंत. खाली कलिंगडं, खरबुजं, केळ्यांचे घड. आणि आई करायची तशा पिठाच्या चिपा: छोटी छोटी कबुतरं, मासे, मगरी भट्टीत भाजून, दोऱ्यात ओवून केलेल्या माळा. दोन दिवस ती भट्टीपासून हलली नाही. जेवायला ये म्हटलं की म्हणायची, "आईची माळ पुरी होऊ दे."

बाविसाव्या तारखेला आम्ही प्रार्थनाघरातून परत आलो, तर व्हरांड्यात सेफेरिनाची गाय उभी. तिचं नाव सेन्योरा, आणि वागणंही तसंच, बाईसाहेबांचं. कमान खाल्ली होती, फुलोरा खाल्ला होता, केळी सालीसकट खाल्ली होती. कलिंगडं फुटली होती. संत योसेफ शेणात आडवा पडला होता. चिपांची शेवटची माळ सेन्योराच्या एका शिंगाला लटकत होती आणि ती मान वळवून वळवून तीही तोंडात घ्यायचा प्रयत्न करत होती. तेवढ्यात सेफेरिना गाईला शोधत धावत आली, तिने हे पाहिलं, आणि ती हसत सुटली. इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

देओलिंदा एकच वाक्य बोलली. "या वाटेने पुन्हा येऊ नकोस. तू नाही आणि तुझी गायही नाही." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला वाटेच्या तोंडाशी घायपात लावायला लावलं, दोन ओळी. मी लावलं. नवऱ्याने कुठल्या बाजूला उभं राहायचं हे लग्नातच ठरलेलं असतं. तीन वर्षांत ते माझ्या छातीइतकं वाढलं, त्याच्यामागे रान माजलं, एक ओढ्यासारखा खड्डा पडला, मधोमध एक भलंमोठं वारूळ उठलं. प्रार्थनाघरात एक डावीकडे बसायची, दुसरी उजवीकडे.

मी मात्र सेफेरिनाकडे जात होतो, हे सांगून टाकतो. देओलिंदा कामाला बाहेर गेली की लांबच्या रस्त्याने वीस मिनिटं चालत जायचो. तिच्या खुर्च्या विणायच्या आहेत, अशी सबब होती. तिच्याकडे खुर्च्या दोनच. तीन वर्षांत मी त्या चार वेळा विणल्या. बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा गार चहा, तेरेरे, एका नळीने आळीपाळीने ओढत आम्ही बसायचो, आणि ती दर वेळी सहज म्हणून विचारायची, "तिकडचा आंबा धरलाय का यंदा?" आंब्याचं तिला काहीही नव्हतं. मी म्हणायचो, "धरलाय. जरा गुडघे दुखतात, पण धरलाय."

गुरुवारी पहाटे देओलिंदा वस्तीतल्या बायकांबरोबर काकुपेच्या यात्रेला पायी निघाली. आठ तारखेला कुमारी मातेचा सण. रात्री तिथेच राहायचं, सकाळची मिस्सा करायची आणि शुक्रवारी दुपारी कुणाच्या तरी ट्रकमधून परतायचं. तिने नवे बूट घातले होते. मी म्हटलं, जुने घाल. ती म्हणाली, "देवाच्या आईकडे फाटके बूट घालून जाऊ?" जाताना बजावून गेली, "कोंबड्यांना दाणे घाल, मेणबत्त्यांचं पाणी बदल, आणि मुलं आली तर त्यांच्याकडून गाणं पाठ करून घे."

मुलं आठ वाजताच आली. नऊच्या नऊ. बरोबर एक झाडू, दोन बादल्या, एक तुटकं फावडं, आणि अरामीच्या हातात एक चमचा.

"आजोबा, कोयता द्या," तोबियास म्हणाला.

"कशाला?"

"वाट करायची आहे."

"कुठली वाट?"

"देवाची."

मी इसापीकडे पाहिलं. हे खूळ कुठून निघालं असणार हे मला ठाऊक होतं.

"सेफेरिनाआजीच्या घरची," ती म्हणाली. "बाईंनी सांगितलं ना, वाट नीट करा. आम्ही काल सगळीकडे फिरून पाहिलं. वस्तीत बंद अशी तेवढी एकच वाट आहे."

"देव सेफेरिनाच्या घरून येणार, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग कुठून येणार?"

एकोणतीस वर्षं धर्मशिक्षिकेच्या शेजारी बसून खुर्च्या विणल्या, पण याचं उत्तर काही माझ्या कानावरून गेलेलं नव्हतं.

"हे बघा, मी लहान मुलांच्या हातात कोयता देत नाही," मी म्हटलं. मला वाटलं, सुटलो.

"मग तुम्ही कापा," इसापी म्हणाली. "आम्ही ओढतो."

बायको परत आल्यावर काय म्हणेल ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. पण ती पोरं तशीच उभी होती, बाह्या सरसावून, आणि अरामीने तेवढ्यात चमच्याने खणायला सुरुवातही केली होती. मी आत जाऊन कोयता आणला.

घायपात कापणं हे काही गाणं म्हणत करायचं काम नाही. मी घामाने न्हालो, हातावर ओरखडे उमटले. पानं तोडून टाकत होतो तशी मुलं ती काठ्यांनी ढकलत बाजूला नेत होती. दुसरी ओळ संपली तेव्हा पलीकडे जुन्या वाटेची लाल माती थोडीशी दिसली, आणि मला उगीचच भरून आलं. मी पाणी प्यायचं निमित्त केलं.

मग खड्डा. तो भरायला मुलांनी फुटकी कौलं आणली, माडाच्या करवंट्या आणल्या, कुणाच्या तरी घरचा जुना तवा आणला, तो मी परत पाठवला. वर माती टाकून नऊजण त्याच्यावर उड्या मारत राहिले. तोबियास कंत्राटदारासारखा कमरेवर हात ठेवून सांगत होता, "इकडे अजून दोन बादल्या! देव अडखळेल इथे!"

वारुळापाशी मात्र काम अडलं. ते वाटेच्या बरोबर मधोमध होतं, अरामीपेक्षा उंच.

"हा डोंगर," तोबियास म्हणाला. "हा सपाट करायचा."

अरामीने वारुळाला मिठी मारली आणि ती मोठ्याने रडायला लागली. "यात वाळवीची बाळं आहेत! त्यांचं घर नाही पाडायचं!"

"पण डोंगर सपाट करायचे असतात! बाई म्हणाल्या!"

"बाई म्हणाल्या शांती! घर पाडलं तर शांती कशी?"

मग जोरदार भांडण लागलं. पाच एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, शांतीवरून. एकाने दुसरीची वेणी ओढली. मी कोयता टेकवून बघत राहिलो, कारण फादर असते तरी त्यांना हे सुटलं असतं असं मला वाटत नव्हतं. शेवटी इसापी वारुळाभोवती एक चक्कर मारून आली.

"वाट बाजूने वळवायची," ती म्हणाली.

"वाकडी?" तोबियास ओरडला. "योहान काय म्हणाला? वाकडं सरळ करा!"

"योहान टोळ खायचा. तो टोळांबद्दल बोलत असेल. वाळवीबद्दल तो काही बोलला नाही."

तोबियासने फावडं उचललं. वाट वळली.

एवढ्या आरडाओरड्याने पलीकडून आवाज आला, "कोण आहे रे तिकडे?"

"आम्ही!" मुलं ओरडली. "देव यायचाय!"

"आज? अरे देवा, माझी अजून आंघोळ नाही झाली!"

झुडपं बाजूला झाली आणि सेफेरिना दिसली, डोक्याला फडकं, हातात झाडू. तिने मुलांकडे पाहिलं, मोकळ्या झालेल्या वाटेकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कोयत्याकडे.

"दाजी, तिला माहीत आहे हे?"

"नाही."

"मग तुमचं काही खरं नाही." ती आत गेली. मला वाटलं, आता येत नाही. पण ती मोठं कलिंगड आणि दाताळं घेऊन परत आली. कलिंगड कापून सगळ्यांना फोडी दिल्या. मला देताना हळूच म्हणाली, "माझ्या बाजूचा पाला मी काढते. पण त्या भरलेल्या खड्ड्याच्या पुढे पाऊल टाकणार नाही. येऊ नकोस म्हणून सांगितलंय मला. बोलावल्याशिवाय येणारी मी नव्हे."

"स्वभावाने दोघी सारख्याच आहात," मी म्हटलं.

"शिवी देऊ नका," ती म्हणाली, पण हसून.

शुक्रवारी दुपारपर्यंत वाट तयार झाली. मुलांनी ती झाडली, तिच्यावर पाणी शिंपडलं, दोन्ही कडांना माडाच्या फुलोऱ्याचे तुरे खोचले. मग आंघोळ करून, केस चापून, नऊजण आंब्याखाली रांगेत उभे राहिले. मी टेबलावर कडं ठेवलं, मेणबत्त्या उभ्या केल्या. बाई आल्या की त्यांना दाखवायचं, असं ठरलं होतं. तिच्यापुढे काय बोलायचं हे मी मनात तीन वेळा जुळवलं होतं आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर अडकलो होतो.

तेवढ्यात मागून पाचोळा वाजला.

"आला!" अरामी कुजबुजली.

देवासाठी केलेल्या त्या वाटेवरून सर्वांत आधी आली ती सेन्योरा. सावकाश, दोन्ही बाजूंचे तुरे चाखत, वारुळाला वळसा घालून, भरलेल्या खड्ड्यावरून न अडखळता. अंगणात येऊन तिने जरा इकडेतिकडे पाहिलं, टेबलाशी गेली आणि हिरवं कडं खायला लागली.

मुलांनी एकच किंकाळी फोडली. तोबियास तिच्या शेपटाला लोंबकळला. मी खुर्ची घेऊन धावलो. आणि मागून सेफेरिना आली, अनवाणी, हातात दावं, "सेन्योरा! अगं मेले! ये इकडे!" असं ओरडत. खड्डा कधी ओलांडला हे तिलाही कळलं नसणार.

त्याच क्षणी रस्त्यावर ट्रक थांबला. देओलिंदा खाली उतरली, बूट हातात, पाय फडक्याने बांधलेले, आणि लंगडत फाटकातून आत आली.

सगळे होतो तसेच थिजलो. फक्त गाय चघळत होती. तिच्या तोंडातून दुसऱ्या मेणबत्तीचं अर्धं टोक बाहेर आलेलं होतं.

देओलिंदाने गाईकडे पाहिलं. मग कापलेल्या घायपाताच्या ढिगाकडे, वाटेकडे, बहिणीकडे आणि शेवटी माझ्याकडे.

"क्रिसांतो," ती म्हणाली. एवढंच.

मी जुळवलेलं सगळं विसरलो. इसापी पुढे झाली.

"बाई, तयारी झाली."

"आणि वाळवीचं घर आम्ही ठेवलं," अरामी म्हणाली.

देओलिंदा काही बोलेना. तोबियासने गाईचं शेपूट न सोडता विचारलं, "बाई, तुम्ही गप्प आहात. ही कुठली गप्प आहे?"

सेन्योराला मेणबत्तीची चव पटली नसावी. तिने जीभ बाहेर काढून ती थुंकली, थेट देओलिंदाच्या बांधलेल्या पायांवर. सेफेरिनाने ओठ दातांखाली गच्च धरले. चेहरा लाल झाला, खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज काही तिने बाहेर पडू दिला नाही.

"हस," देओलिंदा म्हणाली. "हस एकदाची, नाहीतर फुटशील."

"नाही हसणार. मागच्या वेळी हसले, त्याला तीन वर्षं झाली."

"का हसलीस तेव्हा?" देओलिंदाचा आवाज एकदम बारीक झाला. "आईच्या चिपा होत्या त्या. दोन दिवस भट्टीशी बसले होते मी. आणि तू पायरीवर बसून हसत होतीस."

सेफेरिनाने दावं खाली टाकलं. "अगं लिंदा, आई असती तर आधी तीच हसली असती. शिंगाला माळ लटकलेली बघून तिने मांडीवर थापा मारल्या असत्या. आई गेल्यापासून तिचा आवाज मला आठवतच नव्हता. चार महिने प्रयत्न करत होते. त्या गाईला पाहिलं आणि मला तिचं हसणं कानात ऐकू आलं. म्हणून हसले. मग रडलेही. पण तोवर तू दार लावून घेतलं होतंस."

देओलिंदा माझ्या अर्धवट विणलेल्या खुर्चीवर बसली. खुर्ची कुरकुरली.

"मला कुणी सांगितलं नाही हे."

"तू कुणाला विचारलंस?"

मग देओलिंदाने हात पुढे केला, आणि सेफेरिना आली ती सरळ खाली बसली आणि तिने बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवलं. देओलिंदाने तिच्या डोक्यावरचं फडकं नीट केलं, उगाचच, दोनदा.

"आई खरंच मांडीवर थापा मारून हसायची," ती म्हणाली. आणि मग तिला हसू फुटलं. असं हसू तिच्या तोंडावर मी त्या ऑगस्टपासून पाहिलं नव्हतं.

सेफेरिनाला तिचे पाय दिसले. "हे काय करून घेतलंस? फोड बघ केवढे! काकुपेला कुणी नवे बूट घालून चालतं?"

"मला शिकवू नकोस. तू जन्मायच्या आधीपासून मी चालते आहे."

"तू तेव्हा दोन वर्षांची होतीस! रांगत असशील!"

"मी नऊ महिन्यांची असताना चालले! आई सांगायची!"

"ते मी! मी नऊ महिन्यांची!"

इसापीचा चेहरा पडला. "बाई, तुम्ही परत भांडताय?"

"नाही ग राणी," देओलिंदा म्हणाली. "बोलतोय."

सेफेरिनाने चुलीवर पाणी ठेवलं, परातीत मीठ टाकलं आणि बहिणीचे पाय त्यात बुडवले. मी गाय बांधली. मुलं घरी जाईनात. प्रत्येकाला आपण काय काय केलं ते सांगायचं होतं, आणि सगळ्यांना एकदमच. देओलिंदाने पाय परातीत ठेवून सगळ्यांचं ऐकलं. वारुळाची हकीकत तिने दोन वेळा सांगायला लावली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाली, "एकोणतीस वर्षांत हे मला सुचलं नसतं." तोबियास म्हणाला, वळवायची कल्पना माझीच होती. इसापीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

रविवारी प्रार्थनाघरात नवं कडं होतं, घाईघाईने केलेलं, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला विरळ. ते दोघींनी मिळून केलं होतं आणि दोघी एकमेकींना दोष देत होत्या. मेणबत्ती लावण्याआधी देओलिंदा मुलांसमोर उभी राहिली. सगळी वस्ती बसलेली होती. ती म्हणाली, "मंगळवारी मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझं भांडण होतं. ते मी लपवलं, कारण मला लाज वाटत होती. तुम्हाला शिकवलं ते मला स्वतःला येत नव्हतं. तुम्ही शिकवलंत, म्हणून आलं." तिने काडीपेटी सेफेरिनाच्या हातात दिली. सेफेरिनाच्या तीन काड्या वाया गेल्या, चौथीला ज्योत धरली.

वस्तीत त्यानंतर चार दिवस निरनिराळे लोक निरनिराळ्या लोकांकडे जाताना दिसले. सगळ्यांचं जमलं असं नाही. आमच्या समोरचा म्हातारा आपल्या जावयाकडे बोलायला गेला आणि नवीन भांडण करून आला. पण गेला तरी.

पुढच्या सोमवारी दोघी चिपांचं पीठ घेऊन आमच्या व्हरांड्यात बसल्या. नऊ मुलं भोवती, प्रत्येकाच्या हातात गोळा. बडीशेप किती घालायची यावरून सकाळपासून खडाजंगी चालू होती. सेफेरिना मुलांना सांगत होती, लहानपणी एका नाताळात तुमच्या बाई देवदूत झाल्या होत्या, पंख लावून शिडीवर चढल्या, आणि "भिऊ नका" म्हणायच्या ठिकाणी स्वतःच "मला खाली उतरवा" म्हणून ओरडल्या. मुलं पिठात लोळली. चाळीस वर्षं संसार केला, पण ही गोष्ट मला पहिल्यांदाच कळत होती.

"खोटं आहे हे," देओलिंदा हसत हसत म्हणाली. "क्रिसांतो, विश्वास ठेवू नकोस तिच्यावर."

"मग खरं काय झालं?" मी विचारलं.

"हात धू, इथे येऊन बस आणि मासे कर. सांगते."

मी विणकाम बाजूला ठेवलं आणि हात धुवायला गेलो.